एकास बहात्तर

माळ्यावर एकोणतीस खोके.
तिसावं आज कॅम्पातून आणलं,
हेल्मेटच्या पिशवीत, जिन्यावर पाय न वाजवता.
वृंदाला ठाऊक असतं. ती एवढंच विचारते,
"विमान की जहाज?"
"विमान. नॅट."
"बरं." आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते.

भोसरीत दिवसभर मी मापं तपासतो,
दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले की अख्खा लॉट परत.
घरी येऊन हात धुतो,
खोका कानाशी धरून हलवतो:
आत खुळखुळतं, अजून काहीच चुकलेलं नसतं.

पहिल्या खोक्यासोबत घेतलेला गोंद
ट्यूबमध्येच दगड झाला.
निषाद तेव्हा विचारायचा, बाबा, रविवारी?
आता तो बंगळूरला. रविवारी फोन करतो.

रात्री सील कापलं. पहिल्यांदाच.
फ्रेमला चिकटलेला वैमानिक,
शेंगदाण्याएवढा,
मांडीवर हात ठेवून बसलेला, विमान नसतानाच.
लोहगावकडून खरं एक गेलं,
खिडकीची काच थरथरली.
तो आपला समोर बघत.

झाकण लावलं.
माळ्यावर जागा आहे अजून थोडी,
पाण्याच्या टाकीमागे.