सातवं पाणी

मी भांडी धुते. आखेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
इतरांची डोकी शिजतात त्या काचेच्या भांड्यांची मी धुणारी.
एकोणतीस वर्षं. साबण, नळाचं पाणी,
मग शुद्ध पाणी, मग खुंटीला उलटं टांगणं.
नाव हिल्ट्रूड. कुठल्याच शोधनिबंधात नाही.

वीब्के नवीन आहे, उत्तरेची, समुद्राकाठची,
मोठ्याने बोलते, कमी झोपते.
तिने एक कुपी पुढे धरली. आत नुसतं पाणी.
"पाणी नाही," म्हणाली, "आत जाळ्या आहेत,
केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढ्या,
गारव्यात पाणी पिऊन टम्म फुगलेल्या.
आता बघ."
मुठीत धरली. थोडा वेळ गेला.
मूठ उघडली तर आत दूध.
"बत्तीस अंशांवर मिटतात. पाणी बाहेर ढकलून देतात."
मग कुपी माझ्या हातात आली.
मी नुकतेच बेसिनमधून हात काढलेले.
दूध होतं, त्याचं पुन्हा पाणी झालं.
वीब्के हसली. मी नाही.
कुपी माझ्याच खिशात राहिली.

या जाळ्यांच्या पोटात तिने सोनं बसवलंय.
अंगठीतलं नव्हे, इतकं बारीक की लाल दिसतं.
पिवळंजर्द द्रावण त्यात शिरतं, बेरंग होऊन निघतं,
डोकेदुखीच्या गोळीच्या वाटेवरचं काहीतरी.
आणि गंमत अशी की आच वाढवली तर काम मंदावतं.
जाळी मिटते, दार लागतं, सोनं आत एकटं.
माझी आई म्हणायची, तापलेल्या माणसाशी बोलू नये,
त्याचं ऐकणारं काहीच उघडं नसतं.

आणि तेल-पाणी. त्यांचं कधी जमलंय?
पण या जाळ्या नेमक्या सीमेवर जाऊन उभ्या राहतात,
एकेका थेंबाभोवती खांद्याला खांदा लावून,
आणि तेल पाण्यात नांदतं, आठवडेच्या आठवडे.
काम झालं की फक्त गरम करायचं.
पहारेकरी अंग चोरतात, थेंब थेंबाला मिळतो,
वर तेल, खाली पाणी, सोनं पुन्हा वापरायला मोकळं.
प्राध्यापक टेरहोफेन म्हणतात,
"भांडण लावायचं, तेही वेळेवर."

नोव्हेंबरात ते भांडण लागेना.
चाळीस अंश. पन्नास. साय तशीच घट्ट.
वीब्केने तीन आठवडे जाळ्यांना दोष दिला,
मग सोन्याला. थर्मामीटर बदलला.
प्राध्यापक म्हणाले, कदाचित नवीन काही सापडलंय.
ते "नवीन" तिच्या चेहऱ्यावर दोन दिवस राहिलं.

मला कळलं बुधवारी रात्री, घरी, एकटीचं ताट विसळताना.
ऑक्टोबरात खरेदी विभागाने स्वस्तातला साबण पाठवला होता,
लिंबाच्या वासाचा, काचेला धरून बसणारा.
आणि मी, गुडघ्याचं निमित्त करून,
सातऐवजी चार पाण्यांवर भागवत होते.
साबणही सीमेवरच उभा राहतो.
फक्त त्याला उष्णतेचं काही वाटत नाही.

सकाळी सांगितलं, कोटसुद्धा न काढता.
ती बराच वेळ बेसिनकडे बघत राहिली.
"म्हणजे नवीन काही नाही."
"नाही," मी म्हटलं, "साबण आहे."
तिने खुर्ची ओढून माझ्याकडे सरकवली,
स्वतः बाह्या वर केल्या.
चार, पाच, सहा.
सातवं पाणी मी मोठ्याने मोजलं.

दुपारी छत्तीस अंशांवर साय फुटली.

संध्याकाळी गंधकाच्या कारंज्यापाशी थांबले.
सहलीला आलेले कुजक्या अंड्यांच्या वासाला नाकं मुरडत होते.
मी तोटीखाली हात धरले, सोसवेल तितका वेळ,
पुसले, खिशातली कुपी मुठीत घेतली.
बस येईपर्यंत मूठ उघडली नाही.