हरवण्याइतकं रान

कार्नलॉची खाण बंद झाली, ढीग मागे राहिला.
काळा, गावाच्या उशाशी ठाण मांडून.
"घरी बसलेल्या नवऱ्यासारखा," सेंगा म्हणायची,
आणि तिचा लॉरी तिथेच
फावड्यावर रेलून हसायचा.

मार्चमध्ये लावली आम्ही रोपं. चार हजार.
भूर्ज, रोवन, हेझल, थोडे ओक.
सशांनी कुरतडू नये म्हणून
प्रत्येकाला प्लास्टिकची नळी.
दुरून बघावं तर
लढाईतल्या शिपायांचं कबरस्तान.

तरी आम्ही म्हणू लागलो, "जरा रानात जाऊन येतो."
रान गुडघ्याएवढं.
फर्गसचा कुत्रा झाडांपेक्षा उंच,
तंगडी नेमकी कुठे वर करावी
या पेचात गोल गोल फिरायचा बिचारा.
सेंगा खुर्ची आणायची, रानात बसायला,
आणि छत्री, सावलीला.
वाऱ्याने निवलेला थर्मासातला चहा
रानाच्या मधोमध बसून प्यायचो आम्ही,
आणि चारी बाजूंनी गाव दिसायचं,
पेट्रोल पंप, चर्च,
ग्लासगोला निघालेली रिकामी बस.

पोरं लपाछपी खेळायची.
उभं राहिलं तर दिसायची,
बसलं तर दिसायची,
आडवं पडलं तर बूट दिसायचे.
ज्याच्यावर राज्य तो कंटाळून म्हणायचा,
दिसलात सगळे, चला घरी.

मग कधी वाढलं, कुणाला कळलं नाही.
लॉरी गेला त्या वर्षी नळ्या काढल्या.
भूर्जांची साल पांढरी होऊ लागली होती.
एका सकाळी सेंगाने छत्री घरीच ठेवली.
विसरली नव्हती.

आणि काल, ऑक्टोबरातला रविवार,
रोवनच्या लाल फळांवर पाखरांची झुंबड,
फर्गसची नात, सहा वर्षांची एल्स्पेथ,
पन्नास मोजून होईतो
गेली ती गेलीच.
हाका मारल्या.
तिच्या बापाचा आवाज चढत गेला,
फर्गस पायवाट सोडून आत घुसला,
आणि सेंगा
खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली,
डोळे पुसत, हसत,
अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,
"अरे, पोरगी सापडत नाहीये!
आपल्या रानात पोरगी सापडत नाहीये!"

हेझलच्या जाळीआड कुणीतरी खुदकन हसलं.
आम्ही मुद्दामच तिकडे पाहिलं नाही.