मिनिटाला चौदा

वाळपईच्या दवाखान्यात सर्वानंदच्या हातात दिली ती पिशवी.
होंडा, साखळी, डिचोली,
प्रत्येक गतिरोधकाला एक शिवी
आणि तरी दाबत राहिला.
बांबोळीला दार उघडलं तेव्हा त्याची बोटं
पिशवीच्या आकारातच आखडलेली.

झिलो गांवकर, एकेचाळीस.
काजूच्या भट्टीवर जमिनीला पाठ टेकून झोपलेला.
पहाटे पोटात कळ, बायको म्हणाली हुर्राक बाधला.
मग पापण्या मिटत गेल्या, मग जीभ जड,
मग मान.
करंगळीपाशी दोन ठिपके,
डास याहून मोठी खूण ठेवतो.

व्हेंटिलेटर सगळे लागलेले.
एकावर हेल्मेट घरी विसरलेला पोरगा,
एकावर कळंगुटच्या लाटेने परत दिलेला पाहुणा,
एकावर केप्याची म्हातारी,
जिच्या छातीचा आलेख मला पाठ झाला होता.

म्हणून हातानेच.
मी, मग ओफेलिया सिस्टर, मग इंटर्न, मग पुन्हा मी.
मिनिटाला चौदा.
विषावरच्या दहा कुप्या शिरेत गेल्या, काही हललं नाही.
टॉर्च मारला, बाहुल्या तशाच, विस्फारलेल्या.
"जितो आसा मू?" दाराशी बायको.
मी इंटर्नला हळूच म्हटलं,
उशीर झालाय बहुतेक.

साडेअकराला म्हातारीचा व्हेंटिलेटर मोकळा झाला.
मोकळा झाला, असंच म्हणतो आम्ही.
तिच्या मुलाला सही कुठे करायची ते दाखवून
मी हात धुतले आणि
तो झिलोला लावला.

चौथ्या दिवशी पापणी.
सहाव्या दिवशी अंगठा.
नवव्या दिवशी नळी काढली,
तेव्हा आवाज खरखरीत, जुन्या रहाटासारखा.

म्हणाला, सगळं ऐकू येत होतं दोतोर.
डोळे उघडत नव्हते एवढंच.
बाईचं रडणं. शेजारच्या खाटेवरची प्रार्थना.
मोजत होतो तुमचा दाब, दुसरं काम काय होतं?
मधे एकदा थांबला होता तुम्ही.

आठवलं. हात बदलताना.
चार सेकंद, फार तर पाच.

आणि ते, उशीर झालाय,
तेही ऐकलं असणार. त्याने काढलं नाही.
मीही नाही.
पाण्याचा चमचा त्याच्या ओठाशी धरून उभी राहिले.

घोट गिळून तो ओफेलियाकडे वळला.
त्या सकाळी फोनवर भाव विचारत होतीस, सिस्टर,
बांगड्यांचा.
शेवटी शंभराक कितले मेळ्ळे?