पाचापैकी

कुताईसीच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर
रोज तोच तक्ता घेऊन मी फिरते,
प्लॅस्टिकमध्ये मढवलेला,
एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा,
मधे हिरव्याचा लाल होत गेलेला रंग.
किती दुखतंय ते विचारायचं,
आकडा लिहायचा, पुढच्या खाटेकडे वळायचं.

अकरा नंबरच्या नाझिब्रोला बाई म्हणायच्या, पाच.
काल पाच. परवा पाच.
मी लिहायचे पाच, म्हणजे मध्यम,
आणि मध्यमाला जेवढं द्यायचं तेवढं देऊन
पुढे सरकायचे.

पण चादर पाच म्हणत नव्हती.
सकाळी बघावं तर तिचा एक कोपरा
पिळून पिळून दोर झालेला.
आणि उशीखाली, रुमालाच्या गाठीत,
रात्रीची गोळी. तशीच.

"अजून सोसवतंय," त्या म्हणाल्या,
"खरं दुखेल तेव्हासाठी ठेवलीय."
मग शेजारी ऐकू जाऊ नये अशा आवाजात,
"सवय लागते म्हणे. माझा भाऊ बाटलीपायी गेला, पोरी."

मला सगळं पाठ होतं.
दुखण्याची वाट बघू नये, घड्याळ बघून गोळी घ्यावी,
दुखण्यासाठी घेतलेलं औषध म्हणजे व्यसन नव्हे.
एका दमात म्हणून दाखवलं.
त्यांनी ऐकून घेतलं,
चाळीस वर्षं पाढे ऐकले असतील तसं:
चूक एकही नाही,
आणि कळलेलंही काही नाही.

गुरुवारी एक टॅक्सीवाला आला, गोचा नावाचा,
कागदात गुंडाळलेली चुर्चखेला घेऊन.
जिन्यात मला म्हणाला,
"बाईंनी मला एकदाच पाच दिले होते, तिसरीत.
आईनं अख्ख्या आळीला जेवायला घातलं."
"पाचासाठी?"
तो हसला. "तुझा जन्म नंतरचा.
तेव्हा पाचाच्या वर आकडाच नव्हता."

मी पायरीवर उभीच राहिले.
नऊ दिवस. रोज तीनदा.
माझ्या अक्षरात, निळ्या शाईनं: मध्यम.

परत आले ती तक्ता न घेता,
स्टूल ओढून बसले. आम्ही सहसा बसत नाही.
"बाई, तुमचे पाच कितीपैकी?"
मागच्या बाकावरच्या पोरीकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"पाचापैकी. आणखी कितीपैकी असणार?"

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मात्रा वाढवली.
दुसऱ्या दिवशी बाईंनी पेन्सिल मागितली,
जेवणाच्या ट्रेवरच्या कागदावर आडवी रेघ मारली, उभी मारली.
"ही वेळ. हे दुखणं.
इथं गोळी उतरते, इथून रेघ चढायला लागते.
म्हणजे पुढची गोळी इथे घ्यायची,
चढाच्या आधी. माथ्यावर नाही.
हे पहिल्या दिवशी काढून का नाही दाखवलंस?"
मी काय बोलणार.
"आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत,
तेही लिही. लाजतेस काय."

भावाचं मात्र त्यांनी उशिरा काढलं,
मी पडदा ओढत असताना.
"तो प्यायचा आणि घरातून नाहीसा व्हायचा.
मला ही गोळी घेतली की
ते झाड दिसतं बघ."
बाहेर पानं झडलेल्या झाडावर
नारिंगी फळं तेवढी उरली होती,
आणि खाली रिओनीच्या पात्रात पांढरे दगड.
पडदा मी अर्धाच ओढला.

परवा रात्री दोनला अकरा नंबरची घंटा वाजली.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
मी धावले, गोळी हातात.
बाई उठून बसलेल्या, चष्मा लावून.
"मी ठीक आहे. साडेतीन. तुझ्या दहापैकी.
बारा नंबरची मघापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय,
तिला विचार.
आणि लिहायच्या आधी विचार,
कितीपैकी."