शिल्लक निळी

आधी तळघरात जाऊन ब्रेकर पाडला.
भट्टी एकदा खाकरली आणि गप्प झाली.
बाहेर ईरी शहर, सरोवरावरून आलेला बर्फ
मोटारींच्या काचांपर्यंत.
आत दोन तासांची मुदत.
घर निवतं ते चहासारखं, कडेकडेनं.

भिंतीवरच्या जुन्या गोल डब्याचं झाकण काढलं.
काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब,
इकडे कलला की ऊब, तिकडे कलला की बंद.
सहा हिवाळे यानंच आमचा संसार सांभाळला.
सुहास अडुसष्टवर नेणार, मी बहात्तरवर,
आणि तो मधल्या मध्ये डुलणार.

आमच्याकडे फॅरनहाइट फक्त तापाला असायचा.
अठ्ठ्याण्णव म्हणजे शाळा, शंभर म्हणजे पेज,
एकशे दोन म्हणजे कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी.
म्हणून इथं आले तेव्हा
भिंतीवर अडुसष्ट वाचून वाटलं,
हे घर गेलंय की काय.

मागची पट्टी सोडवली. चार तारा,
लाल, पांढरी, पिवळी, हिरवी,
प्रत्येकीच्या स्क्रूशेजारी एकेक रोमन अक्षर.
अण्णा इचलकरंजीत यंत्रमागांचे वायरमन,
खिशाला पेनाच्या जागी टेस्टर.
म्हणायचे, रंग काय, बोलतो कसाही,
खरं विचारायचं ते टेस्टरला.
म्हणून आधी मीटर लावलं. शून्य.
मग फोटो, मग प्रत्येकीला चिठ्ठी.
बरोबरच होतं त्यांचं. पांढरीच्या जागी पिवळी
आणि पिवळीच्या जागी पांढरी,
कोणीतरी घाईत लावलेली, किंवा अंधारात,
किंवा रविवारी.

नव्याला पाचवी लागते.
जुना पाऱ्यावर जगायचा, मागायचा काही नाही.
याला दिवसरात्र उजळायचं असतं,
विजेला यायला रस्ता हवा
आणि परत जायलाही.
सुहास म्हणाला, माणूस बोलावू, दोनशे डॉलर जातील.
मी म्हटलं, टॉर्च धर.

भोकात करंगळी घातली
आणि केबलच्या मानेला गुंडाळलेली
ती लागली. निळी.
टोकसुद्धा न सोललेलं.
वर, पट्टीनं इतकी वर्षं झाकलेल्या पोपटी रंगावर
शिसपेन्सिलीची तिरपी ओळ:
निळी शिल्लक आहे. स्टॅन. ऑक्टोबर १९७४.

त्या ऑक्टोबरात मी सहा महिन्यांची.
अण्णा कुठल्याशा शेडमध्ये
जळक्या मोटारीचं तोंड उघडून बसलेले असणार.
आणि इथं कोणी स्टॅन
चार तारांच्या कामाला पाच तारांची केबल ओढतो,
उरलेली छाटायला पक्कड उचलतो
आणि खाली ठेवतो.

तळघरात तिचं दुसरं टोकही तसंच,
भट्टीच्या पोटात धुळीचं वेटोळं.
सोललं, आकडा केला,
स्क्रूखाली घेतला घड्याळाच्या दिशेनं,
उलटा घेतला तर आवळताना निसटतो,
हेही अण्णांचंच.

ब्रेकर चढवला. धावत वर.
पडदा उजळला, त्याचा पहिला प्रश्न भाषेचा.
इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच.
म्हटलं, बरं, चालेल.
सुहास म्हणाला, सत्तर, तुझं नाही माझं नाही.
मी सत्तर लावलं.
तो झोपल्यावर एकाहत्तर.

पाऱ्याची कुपी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
वर चिठ्ठी, खायचं नाही.
शनिवारी काउंटीच्या घातक कचऱ्यात द्यायची आहे.
नवी पट्टी बसवण्याआधी
स्टॅनच्या ओळीखाली मीही लिहिलं, मराठीत,
निळी वापरली.
तारीख घालायची राहिली.

रात्री जाग आली.
जुना डबा पेटायच्या आधी टिक् करायचा,
त्या टिक्-वर मी सहा वर्षं कूस बदलत आले.
आज भट्टी न सांगताच सुरू झालेली,
जमिनीच्या जाळीतून ऊब पलंगाखाली आलेली,
आणि मी अजून
एका कुशीवर, ऐकत.