सीटची उंची

अमळनेरच्या शोरूममध्ये हिरामणचा हात
काळ्या, उंच गाडीवरून निघेना.
मी बसून पाहिलं: एक टाच टेकली,
दुसरी हवेत, मूठभर वर.
त्यानं मग रंग नाही बघितला,
वाकून माझ्या चपला बघितल्या.

घेतली ती बुटकी, लाल.
त्याचे गुडघे हँडलला लागतात.

पहाटे जिनिंगमागच्या पटांगणात
आळीपाळीनं पडतो.
मी क्लच सोडते, तो मागून : ‘हळू वं, हळू!’
त्याच्या पाळीला मी काही बोलत नाही,
शर्ट तेवढा धरते.

काल बोरीच्या पुलावर बंद पडली.
मागे केळीचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
घरापर्यंत ढकलली.
दारात सासऱ्यांनी हँडलवरचं लाल बटण
अंगठ्यानं खाली केलं
आणि आत गेले.

ते दाबलं कोणी,
यावर शेवभाजी गार झाली.