येऊन राहिलं

सकाळी साडेनऊला, कळमन्याच्या ऑफिसात,
आधी कूलरच्या टाकीत दोन बादल्या, मग कॉम्प्युटर.
बी-चारपासून खाली सगळी घरं रिकामी.
मग एकेका घरात राखाडी अक्षरं: लोड होत आहे.
कुणी जिन्यावर आहे, दार अजून वाजलेलं नाही.
आणि भाव येतात.
गुंटूर, खम्मम, ब्याडगी.
शेवटी, उशीर करून, आपली भिवापुरी.

सूत्र प्रणय मेश्रामने लिहून दिलं,
इंदोऱ्याचा पोरगा, उभ्याउभ्या,
तर्री-पोह्यांची प्लेट रिकामी व्हायच्या आत.
बरोबरचं चिन्ह, कंस, अवतरणचिन्हांत एक पत्ता.
एवढंच? मी विचारलं.
एवढंच, काकू. आता हात लावायचा नाही.

बावीस वर्षं मी हातच लावत आले.
डाव्या कानाशी फोन दाबून, उजव्याने लिहीत,
पलीकडे लिलावाच्या ओट्यावर चिंधुजी हेडाऊ:
"लिहा बाई, चौदा हजार दोनशे.
थांबा, लिहू नका, वाढून राहिला."

वाढून राहिला. बोलून राहिला. येऊन राहिला.
पुण्याहून आलेल्या ऑडिटरला फार हसू यायचं:
येतो तर येतो, राहतो कशाला?
तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.
आता पडद्यावर बोट ठेवीन:
दर पंधरा मिनिटांनी पालटणारा हा आकडा
आला म्हणू की यायचाय म्हणू?
येऊन राहिला, साहेब.
तुमच्या पुण्यात याला शब्द नाही.

चिंधुजी फोनजवळ मिरची मोडायचे.
"ऐका." कट्.
"वाळली."
ओला माल वाजायचा नाही, मुकाट वाकायचा,
आणि मी भावापुढे पेन्सिलीने बारीक 'ओ' काढायची.
त्या 'ओ'चं काय, प्रणयला विचारलं.
त्यांच्याकडे तो कॉलमच नाही, काकू.

शिंकांचाही नाही.
मिरचीच्या ढिगावरून भाव सांगणारा माणूस
शिंकेशिवाय वाक्य पुरं करत नाही.
ब्याडगीला एखादी. भिवापुरीला चार.
आता आकडे निरोगी येतात.

गेल्या मंगळवारी चिंधुजी आले होते,
मेयोत मोतीबिंदू काढून, काळा चष्मा लावून.
स्टुलावर बसले, पडद्याला नाक लावलं.
"हे कोन सांगते याले?"
कोणी नाही. आपोआप.
बराच वेळ बघत राहिले.
"कोनी तं सांगतच असन न, बाई.
कोनी तं उभा असन ओट्यावर."
जाताना खिशातून एक मिरची काढून
कीबोर्डशेजारी ठेवली. बोलले काहीच नाहीत.

त्यांना एक सांगायचं राहिलं.
पत्रकाच्या तळाशी, मालक कधी उतरत नाहीत तिथे,
एच-दोनशे सहामध्ये, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
मी एक सूत्र स्वतः लिहिलंय.
दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.
सास्काटूनचं तापमान.
मृण्मयीचा तिथला दुसरा हिवाळा.
रविवारी फोन करते, बरंय म्हणते,
आणि तिच्या मागे कुठलाच आवाज नसतो.
भाव यायच्या आधी मी त्या घरात
घडीभर निळा रंग भरते. उणे चौदा. उणे अकरा.
काल उणे एकोणीस.
मग रंग काढून टाकते.

आज भिवापुरीसुद्धा आली.
एच-दोनशे सहा अजून राखाडी.
लोड होत आहे. लोड होत आहे.
कूलरखाली पाणी ठिबकत होतं,
मालक गोदामात होते,
आणि तिथे अजून कालची रात्र, सव्वादहा.

आज रविवार नव्हता. तरी लावला.
काय गं आई, काय झालं?
काही नाही. ऐक.
कट्.
कशाचा आवाज होता तो?
सांगणार होते,
पण शिंक आली. मग आणखी एक.